काट्याचं शून्य

२८ जून, तिरोडी
आर्द्रा लागल्या आणि चार दिवसांत परसातली बरबटी पिवळी पडली. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मिरची आणि वांगी बरी आहेत. बरबटी निळ्या ड्रमांत आहे, बाकीचं जमिनीत.

दोन वर्षांपूर्वी मुलानं नागपूरहून पेनाएवढं पीएच मीटर आणून दिलं होतं. दोनदा वापरून कपाटात टाकलेलं. आज ते काढलं. वाटीत ड्रमातली माती, तिच्यावर पाणी, चमच्यानं ढवळलं आणि मीटर बुडवलं. आकडा बराच वेळ चढत राहिला आणि ७.९ वर थांबला.

म्हणजे माती विम्लधर्मी. सामू, म्हणजे पीएच, असा वर गेला की मातीतलं लोह झाडाला मिळत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. उपाय ठरलेला, गंधक.

ही मागं उभी राहून पाहत होती. म्हणाली, "ड्रमात पाणी तुंबलं असन जी, खालचं छिद्र तं पाहा." मी म्हटलं, यंत्र सांगते आहे ना.

७ जुलै
प्रत्येक ड्रमाला मूठभर गंधक मातीत मिसळून दिलं. ते लगेच काम करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्याला काही आठवडे लागतात. ऊब आणि ओल असली की वेग वाढतो. सध्या दोन्ही भरपूर आहे.

पाऊस थांबत नाही. खाणीकडून येणारं पाणी नालीतून काळपट वाहतं. इथल्या धुळीनं हात काळे होतात. मँगनीज आमच्या कपड्यांत, तसंच ते मातीतही असणार.

१० ऑगस्ट
७.३. गंधक लागू पडलं! आणखी अर्धी मूठ दिली. ही काही बोलली नाही, नुसतं ड्रमाकडे पाहून आत गेली.

३ सप्टेंबर
मीटर ६.७ दाखवतं. पुस्तकातल्यासारखा सामू. आणि बरबटी मरते आहे.

आता पिवळेपण शेंड्याला नाही. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके पडलेत, जणू कुणी शाईचा कुंचला झटकला. पानं चुरगळतात, गळतात. आकडा सुधारतो आहे आणि झाड बिघडतं आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतं आहे, आणि झाडाला खोटं बोलायचं काही कारण नाही.

८ सप्टेंबर
गणपतीसाठी नात आली. अकरावीला आहे, विज्ञान शाखा. ड्रम पाहिले, मीटर हातात घेतलं, टोपण काढलं. टोपणातला स्पंज कोरडा खडखडीत, काचेचा फुगा पांढरट.

"आबाजी, हे कॅलिब्रेट कधी केलं होतं?"

"म्हणजे?"

ती काही न बोलता स्वयंपाकघरातून लिंबू घेऊन आली. वाटीत रस पिळला आणि मीटर बुडवलं. ४.२.

"लिंबाचा रस साधारण दोन-अडीचच्या आसपास यायला पाहिजे," ती म्हणाली. "हे दोन अंकांनी वर सांगते आहे."

मग तिनं गोष्ट सांगितली. १९३४ साली कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आंबटाई मोजायला त्रास होत होता, म्हणून फळबागायतदारांच्या संघाचा एक रसायनतज्ज्ञ अर्नोल्ड बेकमन या आपल्या जुन्या वर्गमित्राकडे गेला, आणि त्यातून आजचं पीएच मीटर जन्मलं. लिंबानंच ज्याला जन्म दिला, त्याची चोरी लिंबानंच पकडली.

रात्री झोप आली नाही. मी तेहतीस वर्षं खाणीच्या काट्यावर होतो. रोज सकाळी पहिला ट्रक काट्यावर घेण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का, हे पाहायचो. मग वजनं ठेवून पाहायचो, आणि रजिस्टरात लिहायचो. काट्याखाली चिखल साचला तर तो काढल्याशिवाय ट्रक नाही. त्यावरून चालकांची बोलणीही खाल्ली. तोच मी, या पेनाच्या तुकड्यावर अडीच महिने डोळे मिटून विसंबलो.

१५ सप्टेंबर
मीटर तपासायला नातीनं मागवलेल्या, ठरलेल्या सामूच्या पुड्या आल्या. ६.८६, ४.०१ आणि ९.१८, अशा तीन. एकेक पुडी २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, त्यावर लिहिलं आहे तसं. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानातून आणलं. दुकानदाराला दोनदा विचारलं, "यात आम्ल नाही ना?" त्याच रांगेत आम्लाचे कॅनही असतात.

६.८६ च्या पाण्यात मीटर म्हणालं ८.२. ४.०१ च्या पाण्यात ५.७.

नातीनं कागदावर हिशोब मांडला. दोन द्रावणांतला खरा फरक २.८५. आमचं मीटर २.५ दाखवतं, म्हणजे उतारही कमी आणि शून्यही सरकलेलं. त्या हिशोबानं जूनमधलं ७.९ खरं साडेसहाच्या जवळ होतं. ऑगस्टमधलं ७.३ खरं ५.८. आणि सप्टेंबरचं ते "पुस्तकी" ६.७ म्हणजे ५.१५.

जूनमध्ये माती ठणठणीत होती. मी मीटरचा आजार मातीला दिला.

सामूचं मोजमाप लॉगचं असतं. साडेसहावरून ५.२ म्हणजे सव्वा अंकाचा फरक वाटतो, पण आंबटपणा वीस पट. आणि इथल्या मातीत त्याचा अर्थ वेगळा होतो. मँगनीज मातीत असतं ते बहुतेक न विरघळणाऱ्या काळ्या ऑक्साइडच्या रूपात, झाडाला ना फायदा ना तोटा. सामू ५.५ च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. पाणी तुंबलं की आणखीच, कारण हवा संपल्यावर जिवाणू त्या ऑक्साइडमधला प्राणवायू वापरतात. बरबटीसारख्या झाडाला जास्त मँगनीज सोसत नाही. जुन्या पानांवरचे ते तपकिरी ठिपके त्याचेच.

ड्रमाच्या तळाचं छिद्र पाहिलं. बंद होतं. हिनं खिळा आणून दिला, बोलली काहीच नाही.

१६ सप्टेंबर
काचेचा फुगा सुकला होता, तो भिजवायचा. त्या पातळ काचेच्या बाहेरच्या अंगाला ओला थर लागतो, तो असेल तरच काच आंबटपणाला प्रतिसाद देते. आतला दुसरा इलेक्ट्रोड एका सूक्ष्म छिद्रातून मीठ झिरपवत असतो. तेही सुकून बंद पडलेलं.

भिजवायचं कशात? मी डिस्टिल्ड पाणी काढलं. नातीनं हात धरला. शुद्ध पाणी मिठाला बाहेर ओढून घेतं आणि इलेक्ट्रोड लवकर मरतो. धुवायला ते चालतं, ठेवायला नाही. ठेवायचं ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, म्हणजे लिटरला सुमारे २२४ ग्रॅम. "मग पोटॅशचं खत आहेच की घरी," मी म्हटलं. "आबाजी, ते लाल दिसते ना? त्यात लोह, माती काय काय असते." पुड्यांसोबत तिनं मागवलेली छोटी बाटली होती. तीच वापरली.

रात्रभर भिजवून सकाळी पाहिलं. ६.८६ ला ७.१, ४.०१ ला ४.३५. मढं उठून बसावं तसं.

मग रीतसर जुळवणी. आधी ६.८६, कारण इथं काचेच्या फुग्याचं स्वतःचं शून्य असतं. ते सरकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं. कॅल दाबायचं, आकडा थांबेपर्यंत वाट पाहायची. मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचं आणि मऊ कागदानं टिपायचं, घासायचं नाही. घासलं की काचेवर विजेचा भार बसतो आणि आकडा नाचतो. मग ४.०१, यातून उतार ठरतो. आपली माती आम्लाकडे झुकलेली, म्हणून हा जोड. विम्ल माती असती तर ९.१८ घ्यायचं.

वापरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओतायचं नाही. ९.१८ तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आपोआप उतरतं. द्रावणंही ऊन-थंडीप्रमाणं थोडी हलतात. ४० अंशांना ९.१८ चं ९.०७ होतं, पण ६.८६ चं ६.८४ च. तरी पुडीवरचा तक्ता मी वहीत चिकटवला.

२० सप्टेंबर
आता खरं मोजमाप. मातीच्या प्रयोगशाळेची रीत: एक भाग माती, अडीच भाग पाणी. सावलीत वाळवलेली २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं. ५.२.

चुनखडीची भुकटी द्यायला घेतली. विझवलेला चुना नाही, तो फार झटकन उडी मारतो. थोडी थोडी, आणि दर महिन्याला मोजून.

नात गेली. तुमसरच्या गाडीत बसवून येताना स्टेशनावर एक गोष्ट आठवली. आमच्या गावाचं नाव एका खनिजाला होतं, तिरोडाइट. १९३८ साली डन आणि रॉय या भूवैज्ञानिकांनी तिरोडीच्या दगडांवरून ते नाव दिलं. पुढे ते नाव बदललं. आणखी एक योगायोग म्हणजे १९०९ हे साल. फर्मोर यांचा भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ त्या वर्षी निघाला, आणि त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये सोरेनसेन यांनी पीएच हे माप मांडलं. एकानं खाणीतलं मँगनीज मोजलं, दुसऱ्यानं ते मातीत कधी विरघळेल याचं मोजमाप दिलं. माझ्या ड्रमात दोघं एकमेकांना भेटले, मध्ये माझी चूक उभी राहून.

१४ ऑक्टोबर
काम झालं की धुवायचं, टिपायचं, टोपणात तीन-चार थेंब द्रावण घालायचं आणि मीटर उभं ठेवायचं. आज टोपणाभोवती पांढरे स्फटिक जमले होते. घाबरलो, मग कळलं की ते मीठच आहे, बाहेर झिरपून वाळलेलं. पाण्यानं धुतलं की जातं.

मीटर आता कपाटात नाही, देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात आहे. हिला ते पसंत नाही. पण तिथं उन्हाची झळ येत नाही आणि रोज नजर पडते. स्पंज सुकला तर लगेच दिसतो.

मातीचा सामू ५.८.

२२ नोव्हेंबर
काट्यावरचं एक जुनं रजिस्टर पडून होतं, मागची पानं कोरी. त्यावर रकाने आखले: तारीख, तापमान, ६.८६ ला काय आलं, ४.०१ ला काय आलं, मग माती. मातीचा रकाना शेवटचा. आधीचे दोन भरल्याशिवाय तो भरायचा नाही.

नवी बरबटी लावली होती, तिला आज पहिली फुलं आली. पानं स्वच्छ. पण आधी रजिस्टर.

सकाळी सात, १९ अंश.
६.८६ ला: ६.८८. तक्त्याप्रमाणे बरोबर.
४.०१ ला: ४.००.
माती: ६.३.

ही चहा घेऊन आली. "आज काय म्हणते तुमचं पेन?" मी रजिस्टर पुढं केलं. तिनं वाचलं नाही, ड्रमाच्या तळाशी वाकून छिद्रात खिळा फिरवला, आणि म्हणाली, "ह्याचाबी एक रकाना आखा."

आखला.