चार नारळांचा हिशोब

कॉलेजात रासेयोत नाव घातलं ते वाढीव दहा गुण मिळतात म्हणून. आमच्यातले बहुतेक जण त्याचसाठी आले होते आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. रासेयो म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. दोन वर्षांत 240 तास काम, एक सात दिवसांचं शिबिर, अशी तिची मांडणी. रजिस्टरात तास भरून मोकळी होणारी कॉलेजं तेव्हाही होती, आजही आहेत. आमचे कार्यक्रम अधिकारी, म्हणजेच हे सर, इतिहास शिकवायचे. शिबिराच्या आधी त्यांनी आम्हाला एकच काम सांगितलं : ‘‘वाडीवर जाऊन बसा, ऐका. काय करायचं ते वाडी ठरवील.’’

वाडी संगमेश्वर तालुक्यातली, डोंगराच्या कुशीतली. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असतात. पाणी जांभ्यातून झिरपून जातं, उरलेलं उतारावरून धावत समुद्र गाठतं. हे आम्ही भूगोलात शिकलो होतो. वाडीवरच्या बैठकीत मात्र पहिला विषय निघाला तो देवळाच्या पाखाडीचा, म्हणजे दगडी पायवाटेचा.

इथं वाडीच्या मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्यावरचं निम्मं ऋण त्याचं आहे. कोकणातल्या कितीतरी वाड्यांचं एक मंडळ गावात असतं आणि दुसरं मुंबईत. लालबाग-परळच्या चाळीत कुणाच्या तरी खोलीत रविवारी चाकरमानी जमायचे, वर्गणी काढायचे, इतिवृत्त लिहायचे. दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीनं बसून ही माणसं गावच्या शाळेच्या कौलांचा नाहीतर विहिरीच्या कठड्याचा ठराव करायची. वाडीच्या मंडळाची ती लांबट वही सरांनी मागून घेतली आणि आम्हाला वाचायला दिली. सभासद, बाकी, दंड, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम. घटनेच्या 19व्या कलमानं संघटना करण्याचा हक्क दिला आहे, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. तो हक्क लोक कसा वापरतात, ते मी त्या वहीत पाहिलं.

तर पाखाडी. गावातल्या पुरुषांना ती हवी होती आणि मुंबईकरांचंही तसंच पत्र आलं होतं. पडवीच्या कडेला बसलेल्या बायका गप्प. सरांनी विचारलं, ‘‘मावशी, तुमचं काय म्हणणं?’’ कुणी बोलेना. मग एक आजी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘‘द्येव काय पानी भराया जातो व्हय?’’ सभेत हशा पिकला. तरीही ठराव लगेच झाला नाही. वाद पुढच्या बैठकीवर गेला, मुंबईला निरोप गेला, उलटा निरोप आला. अखेर पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचं ठरलं, पाखाडी पुढच्या वर्षावर गेली. सर या सगळ्यात शब्दानं मध्ये पडले नाहीत. तारीख जवळ येत होती, प्राचार्य घाई करत होते, तरी ते थांबले. एवढा धीर मी नंतर फार थोड्या माणसांत पाहिला.

बंधारा आम्ही बांधला असं म्हणण्यात अर्थ नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आम्ही गच्च भरत होतो. वाडीतल्या एका काकांनी त्या ओतून थोड्या रिकाम्या केल्या. गोणी पाऊणच भरायची, म्हणजे ती दबून शेजारणीला चिकटते. तोंड दाभणानं सुतळीत शिवायचं. थर लावताना विटांसारखी सांधमोड करायची आणि फटींत तांबडी माती पायानं तुडवून बसवायची. त्यांनी आमचा पहिला थर उपसायला लावला आणि स्वतः पाण्यात उभं राहून पुन्हा रचून घेतला. खालच्या विहिरीला त्या साली मार्च सरेपर्यंत पाणी टिकलं. मग टँकर आलाच. पहिल्या मोठ्या पावसात बंधारा वाहून गेला. तो जायचाच असतो, दर हिवाळ्यात नव्यानं घालावा लागतो. पुढच्या वर्षी वाडीनं तो आमच्याशिवाय घातला.

शेवटच्या संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रमाच्या आधी सरांनी मला उभं केलं. शिबिराचा हिशोब वाडीपुढं वाचायचा. पोह्यांचा, रॉकेलचा, सुतळीचा. कॉलेजचे पैसे होते, वाडीला हिशोब देण्याची सक्ती नव्हती. मी वाचत गेलो आणि मागून एक जण म्हणाला, ‘‘नारळ आठ लिवलेत. चार तर आमच्या परसातले.’’ खरंच होतं. खरेदी चारांचीच होती, उरलेले चार एका घरानं दिले होते. सरांनी तिथंच खर्च कमी करून घेतला आणि ‘देणगी : चार नारळ’ अशी नोंद करून त्या घरच्या माणसाची सही घेतली. चार नारळांसाठी सही! आम्ही हसलो. वाडीतलं कुणीही हसलं नाही.

आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्था आहेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे मुलं घोकून सांगतात. मी त्यांना 15 ऑगस्टचं झेंडावंदन झालं की ग्रामसभेला नेतो. मुलं किती माणसं आली ते मोजतात, कोण बोललं ते लिहून घेतात. सभा तहकूब झाली तर तेही लिहितात. शालेय मंत्रिमंडळाच्या शपथविधीचे फोटो छान येतात, पण त्यातून मुलाला खुर्चीच कळते, हे माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या शिक्षक मित्रांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि मुलांना मागच्या रांगेत बसवा. मत देता येत नसलं तरी ऐकायला कुणी अडवत नाही. गावात एखादं मंडळ किंवा बचत गट असेल, तर त्याची वहीही मागून बघा. बहुतेक वेळा ते आनंदानं दाखवतात.