७३० दिवस

सरकारी कचेरीच्या आस्थापना विभागात काही वर्षे काढली की आकडे माणसांसारखे ओळखीचे होतात. १८० म्हणजे प्रसूतीची रजा. ३०० म्हणजे निवृत्तीपर्यंत साठवता येणारी अर्जित रजा. आणि ७३० म्हणजे बालसंगोपन रजा. २००८ च्या सप्टेंबरपासून केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना ही रजा मिळू लागली; साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, थोरल्या दोन अपत्यांसाठी, मूल अठरा वर्षांचे होईतो. पुढे सातव्या वेतन आयोगानंतर पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी आणि उरलेले ऐंशी टक्के पगारी असा भेद आला. गेली बारा वर्षे बेंगळुरातल्या एका कचेरीत मी या रजेचे अर्ज तपासते आहे. माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकात तिचा हिशेब कधी उघडलाच गेला नाही. माझे लग्न झालेले नाही. त्याची कारणे या लेखाच्या विषयाबाहेरची आहेत.

हाच आकडा दुसऱ्या वाटेने माझ्या घरात येईल असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि त्यांची मुलगी मनू ही तिघे ३ ऑगस्ट २०१९ रोजी टोरांटोच्या विमानतळावर उतरली आणि त्याच दिवशी कॅनडाची कायम रहिवासी झाली. मनू तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. मिसिसागात तळघरातल्या दोन खोल्या, दोघांच्याही नोकऱ्या नव्या, एकाची पाळी दिवसाची तर दुसऱ्याची रात्रीची, आणि पाळणाघराचा खर्च ऐकून आमच्या आईने कपाळाला हात लावलेला. २०२० च्या जानेवारीत बहीण मनूला घेऊन मल्लेश्वरमच्या आमच्या घरी आली, तीन आठवडे राहिली, आणि 'ताई, जूनमध्ये घेऊन जाते' असे सांगून एकटीच परत गेली. त्या रात्री मनू दाराशी बसून राहिली. रडली नाही. मीच मेली आत जाऊन रडले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. जून आला तसा गेला. २०२१ साली वाट थोडी मोकळी होते आहे असे वाटते न वाटते तोच कॅनडाने एप्रिलच्या २२ तारखेपासून भारतातून येणारी थेट विमाने बंद केली, ती २७ सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडची नेहमीची उड्डाणे तर २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. मधल्या काळात आईला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला आणि बहिणीच्या पोटी मुलगा झाला. दर वेळी जाणे पुढे ढकलायला काही ना काही सबळ कारण निघे, आणि खरे सांगायचे तर कारण सबळ आहे की नाही हे मी कधी फार खोलात जाऊन पाहिले नाही.

मनू इथे वाढली. शेजारच्या अज्जींकडून तिने कन्नड उचलले. नको असले की ती मराठीत 'नको' न म्हणता 'बेडा' म्हणे, कारण त्याने अज्जी हसत. आईचा लुळा हात हातात घेऊन तिला बोटे मोजायला लावण्याचे काम तिने आपण होऊन स्वीकारले होते. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ, फोनच्या पडद्यावर आई दिसे. मनू तिला दिवसभराच्या गोष्टी सांगे आणि मग फोन माझ्या हातात देऊन खेळायला जाई. ती फोनकडे पाठ फिरवी, तेव्हा पडद्यावरचा बहिणीचा चेहरा पाहण्याचे मी टाळीत असे.

लोक विचारीत, एवढ्या लहान पोरीला आईबापांनी इतके दूर कसे ठेवले? मी त्यांना सांगे की बेंगळुराला असली ताटातूट नवी नाही. १६३८ नंतर शहाजीराजांकडे इथली जहागीर आली तेव्हा राजे इकडे आणि जिजाबाई व शिवबा पुण्याकडे, असा संसार वाटला गेलाच होता. थोरांचे दाखले देऊन आपल्या घरातली अडचण झाकण्याची ही खोड आम्हा परप्रांतातल्या मराठी माणसांत जरा अधिकच असते.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये एका फोनवर बहीण म्हणाली, "ताई, मनूचे कार्ड २०२४ पर्यंत आहे. बालवर्ग तिथेच पुरा होऊ दे. तोवर आम्ही नागरिकत्वासाठी अर्ज करतो. आम्ही नागरिक झालो की तीही आपोआप होईल."

'आपोआप' हा शब्द ऐकला की आस्थापनेतल्या माणसाचे कान टवकारतात. सरकारदरबारी आपोआप काही होत असते तर आमचा विभागच कशाला लागता? त्या रात्री मी त्यांच्या २००१ सालच्या कायद्यातले २८ वे कलम काढून वाचले. कायम रहिवाशाने दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात काढले पाहिजेत. तोच आकडा! कार्डावरची तारीख ही कार्डाची. रहिवासाची अट निराळी. उलट कार्ड संपले म्हणून हक्क संपत नाही, आणि कार्ड चालू आहे म्हणून तो शाबूत आहे असेही नाही. आईबाप नागरिक झाले तर अल्पवयीन मुलासाठी वेगळा अर्ज करता येतो, पण त्या वेळी मूल कायम रहिवासी असावे लागते.

मी वही घेतली. ३ ऑगस्ट २०१९ ते २ ऑगस्ट २०२४ ही पाच वर्षे. दोन लीप वर्षे धरून १,८२७ दिवस. निघण्याचा दिवस सोडून मनू तिथे राहिली १७० दिवस. उरले ५६०. उलटे मोजत गेले तेव्हा तारीख निघाली २१ जानेवारी २०२३. त्या दिवशी तरी मनूचे पाऊल तिकडच्या भूमीवर पडायला हवे. तीन पाने भरल्यावर ध्यानात आले की या साऱ्याचा अर्थ इतकाच होता: तीन वर्षे बाहेर राहता येते, आणि मनूची तीन वर्षे भरत आली आहेत. हे एका ओळीत झाले असते. पण कारकुनाला तीन पानांखेरीज खात्री वाटत नाही.

ती तारीख मी आठ दिवस कोणाला सांगितली नाही.

रोज सात वाजता फोन येई. बहीण बोले, मी 'हो' म्हणे, आणि वही कपाटात असे. मी कोणतेही खोटे बोलले नाही. सुनावणीच्या कागदपत्रांत असे 'मी काही खोटे बोललो नाही' मी कित्येकदा वाचले आहे, आणि त्याची किंमत मला माहीत आहे.

त्या आठ दिवसांत मी कलमातले अपवाद पाठ केले. नागरिक असलेल्या आईबापांबरोबर मूल परदेशी राहिले तर ते दिवस धरले जातात. आमच्या बाबतीत आईबाप तिकडे आणि मूल इकडे. कॅनडातल्या कंपनीने किंवा तिथल्या सरकारने बाहेर नेमलेल्या नोकराच्या कुटुंबाला सवलत आहे. तीही आम्हाला लागू नाही. महामारीसाठी म्हणून वजावट कलमात नाही. उरतो तो दयाबुद्धीचा अपवाद. अट मोडली तरी हक्क त्या क्षणी जात नाही. अधिकारी तसा निर्णय देईतो तो राहतो, आणि निर्णय देताना मानवतेच्या दृष्टीने, विशेषतः ज्या बालकावर परिणाम होणार त्याचे हित पाहून, सूट देता येते. या आधाराने मी मनातल्या मनात एक टिपण तयार केले. आजीचा आजार, बंद विमाने, मुलीची भाषा, तिला लागलेला जीव. नोकरीत इतके नेटके टिपण मी लिहिलेले नाही. आठव्या रात्री ते पुन्हा जुळवीत असताना लक्षात आले की त्यात 'बालकाचे हित' जिथे जिथे येते तिथे तिथे मी माझेच नाव घालू शकले असते, आणि वाक्य जराही अडखळले नसते.

पलीकडच्या खाटेवर मनू झोपली होती. झोपेत तिचा हात आजीच्या पांघरुणावर होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी बहिणीला तारीख सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला कधी कळले?" मी म्हटले, "गेल्या आठवड्यात." तिने पुढे काही विचारले नाही. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी असून काही बाबतींत ती माझ्याहून मोठी आहे.

डिसेंबरातले तिकीट परवडेना, म्हणून १० जानेवारीचे काढले. तेवढे अकरा दिवस हाताशी राहिले. मला त्यांचाच काय तो धीर होता. बहीण आठवडाभर आधी आली. पहिले दोन दिवस मनू तिला 'फोनमधली आई' म्हणत होती, मी ते ऐकून दटावले, तर बहीणच म्हणाली, "असू दे ग." संक्रांत १५ ला होती. आईने एका हाताने तिळगूळ आधीच वळून घेतला, अज्जींनी एळ्ळु-बेल्लाची पुडी बांधून दिली. पहाटेच्या विमानासाठी देवनहळ्ळीला रात्री बाराला पोहोचलो. दारापाशी मनूने माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली, "मावशी, बेडा." मी तिला सांगितले की तिथे बर्फ आहे आणि धाकटा भाऊ आहे. तिने भावाचे नाव विचारले, जणू आजवर ऐकलेच नव्हते. मग ती गेली.

वही मात्र मी बंद केली नाही. रोज रात्री एक रेघ. आवश्यकता काहीच नव्हती. ती आता तिथेच होती, दिवस आपले आपण भरत होते. पण रजेचे खाते अर्धवट सोडायची मला सवय नाही. २२ जुलै २०२४, सोमवारी, बेरीज ७३० झाली. त्या दिवशी कचेरीत एका सहकारी स्त्रीचा बालसंगोपन रजेचा अर्ज माझ्यापुढे होता, मुलाच्या दहावीसाठी ९० दिवस. मी शिल्लक तपासली, शिफारस लिहिली आणि कागद वर पाठवला. घरी येऊन वहीत एकूण मांडले आणि खाली, हाताच्या सवयीने, 'तपासले' असे लिहून सही केली.

सात वाजता फोन आला. मनूचे दोन दात पडले होते. ती भावाशी इंग्रजीत काही भांडत होती. मला पाहून थांबली आणि मराठीत आजीची चौकशी केली, शब्द शोधीत, जरा सावकाश. मी फोन आईपुढे धरला. आईने लुळा हात वर उचलून दाखवला, आणि पलीकडून मनू बोटे मोजू लागली, कन्नडमध्ये.