चिंचेची मोगरी

बाबांच्या पटाशीची मूठ मी हातोडीनं फोडली. अर्ध्या इंचाची पटाशी, मुठीच्या टोकाला पितळी कडं, बाबांच्या हाती उभ्या नोकरीत जिला चरा पडला नाही अशी. निवृत्त झाल्यावर मी सुतारकाम शिकायला बसलो आणि तिसऱ्याच दिवशी मूठ उभी चिरली. बायको म्हणाली, "लाकडावर लोखंड हाणलंत, दुसरं काय होणार?" तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला मात्र बाबांनी लहानपणी दहादा सांगितलं होतं, पटाशीवर मोगरीच मारायची.

बाबा एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबून अलगद काढायची आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, असं ते काम. त्यांची मोगरी कुठल्यातरी घरबदलीत हरवली. हार्डवेअरच्या दुकानात मोगरी मागितली तर पोरानं मला लादीवाल्यांची रबरी मॅलेट दिली. ती पटाशीवरून चेंडूसारखी उडते. अर्धा जोर पटाशीत, अर्धा आपल्याच मनगटात. तेव्हा ठरवलं, मोगरी आपणच करायची.

लाकूड घरातच होतं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात आमच्या सोसायटीमागची चिंच आडवी झाली. फांद्या उचलायला आलेल्या माणसांना विचारून मी बुंध्याकडचा दीड फुटाचा ओंडका ठेवून घेतला. कशासाठी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. गाभ्यासकट ठेवलेलं लाकूड वाळताना हमखास तडकतं, एवढी बाबांची शिकवण आठवत होती. म्हणून तो उभा चौघात फाडून घेतला, गाभा काढून टाकला आणि पाणी टोकांतून भराभर उडू नये म्हणून दोन्ही टोकांना ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट फासला. इंचाला एक वर्ष, हा लाकूड वाळण्याचा जुना ठोकताळा. चार इंची तुकडे साडेतीन वर्षं बाल्कनीत कुंड्यांमागे पडून राहिले. एक तरीही तडकला. एकाच्या पांढऱ्या भागात कीड शिरली आणि खाली पिठासारखा भुगा पडू लागला. उरले दोन.

लेथवाला मिळाला काशीमिऱ्याला. काशी आणि मिरा या दोन गावांचं आपण बोलता बोलता एक करून टाकलं होतं. मेट्रोवाल्यांनी स्थानकांना काशीगाव आणि मिरागाव अशी नावं देऊन त्यांची पुन्हा फारकत केली. हायवेवरून आत वळलं की गाळेच गाळे: प्लायवूड, सनमायका, सोफ्याचे सांगाडे, फोमचे डोंगर. अशाच एका पत्र्याच्या गाळ्यात, अगदी कोपऱ्यात, बिडाच्या बैठकीचा एक जुना लेथ. त्यावर चाचा सोफ्याचे पाय कातत होते. वयानं आम्ही बरोबरीचे. पण गाळ्यातली पोरं चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणू लागलो. ते सहारनपूरचे, म्हणजे शिसवीवर नक्षी कोरणाऱ्यांच्या गावचे. त्यांची मराठी वीस वर्षांची. माझी हिंदी त्याहून जुनी आणि त्याहून वाईट.

मी तुकडा पुढे केला. त्यांनी नख मारून पाहिलं. "इमली? साब, ही पटाशी खाणार." म्हणजे धार खाणार. मग म्हणाले, रविवारी या, मशीन रिकामी असते. आणि मीच काततो म्हटल्यावर माझ्या शर्टाच्या बाह्यांकडे बघून, "हाफ शर्ट घालून या. घड्याळ घरी. हातमोजे तर बिलकूल नाही." हातमोजा एकदा फिरत्या लाकडात अडकला की आतल्या हातालाही घेऊन जातो.

मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. सुताराची चौकोनी मोगरी वेगळी आणि कोरीव कामाची गोल वेगळी. गोल मोगरीला पुढची बाजू नसते, कशीही धरा, घाव बसतो. डोकं वर रुंद आणि मुठीकडे किंचित निमुळतं, कारण हात कोपरातून कमानीत खाली येतो आणि तो उतार नसेल तर घाव कडेवर बसतो. सगळी लांबी दहा इंच. चाचांनी माझी मापं आपल्या पट्टीनं ताडून पाहिली, पुन्हा पाहिली आणि माझी पट्टी उजेडात धरली. "ये फूट खोटा है."

खोटाच होता. घाईत मी बाबांच्या पेटीतली पट्टी उचलून आणली होती. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आक्रसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी तेवढी वाढवूनच आखलेली असते. चाचांना हे समजावून सांगताना माझी हिंदी संपली. पण ते ऐकून इतके खूश झाले की त्यांनी काम थांबवून चहा मागवला.

मग टोकांवर कर्ण आखले, मध्य काढला, काटेरी सेंटर हातोडीनं आत बसवला, पलीकडून दुसरा सेंटर आवळला. सुरू करण्याआधी लाकूड हातानं एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडकत नाही ना ते पाहिलं. पट्टा सगळ्यात हळू चालेल अशा पुलीवर. चौकोनी तुकडा फिरू लागला की हत्याराला त्याचे फक्त कोपरे लागतात: टकटकटकटक. दातांपर्यंत पोचतं ते. हळूहळू कोपरे झिजतात, टकटक एकमेकांत मिसळते आणि एका क्षणी नुसती घरघर उरते. न बघता कळतं, गोल झालं.

पहिल्या रविवारी एवढंच. दुसऱ्या रविवारी मूठ बारीक करताना मी गोल पटाशीची धार थेट लाकडात घातली. धाड! पटाशी हातातून हिसकली आणि लाकडाचा ढलपा कानाजवळून पत्र्यावर आदळला. समोरच्या गाळ्यातला माणूस बाहेर येऊन पाहून गेला. चाचांनी बटण बंद केलं. रागावले नाहीत. मशीन पुन्हा सुरू करून, माझे दोन्ही हात धरून त्यांनी पटाशीची पाठ फिरत्या लाकडावर टेकवली, नुसती टेकवली, आणि मागचा हात सावकाश वर उचलला. पाठ घासता घासता धार आपसूक लागली आणि रुंद रिबिनीसारखी साल सुटू लागली. "पहले पीठ, फिर धार." ढलपा गेला तिथे खड्डा पडला होता. तो जाईपर्यंत मूठ कातावी लागली, म्हणून चित्रातल्यापेक्षा ती बारीक झाली. माझ्या हाताला तीच बसते, हा निव्वळ योगायोग.

आतून चिंच पाहण्यासारखी निघाली. बाहेरचा भाग ताकासारखा पिवळट आणि एका कडेला जांभळट तपकिरी पट्टा. उगाचच मी आंबट वास शोधत होतो.

तिसऱ्या रविवारी पॉलिशपेपर, तोही दोन बोटांत नुसता धरून, बोटाला गुंडाळून नाही. मग चाचांनी खालची मूठभर साल उचलून फिरत्या मोगरीवर दाबली आणि लाकूड आपल्याच सालीनं चकाकलं. वर अळशीचं तेल. व्हार्निश नको, म्हणाले, घामानं मूठ निसटते. तेलाची चिंधी मी गोळा करून कोपऱ्यात टाकली, ती त्यांनी उचलून तारेवर पसरून वाळत घातली. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. भुशानं भरलेल्या गाळ्यात तर बघायलाच नको.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती सातशे दहा ग्रॅम भरली. बाबांच्या पटाशीला नवी मूठ बसवली आणि पहिला घाव मारला. हातोडीचा 'टण्' नाही, रबराची उसळी नाही. जाड, बुटका 'ठप्', आणि पटाशी आत.

उरलेला चौथा तुकडा मी चाचांना नेऊन दिला. तीन रविवार पाहत होतो, कुठे काही ठोकायचं असलं की ते टाकाऊ सोफ्याचा एक पाय उचलत. महिन्याभरानं गेलो तर भिंतीवर खिळ्याला चिंचेची मोगरी टांगलेली. माझ्यापेक्षा कितीतरी सुबक, मुठीवर तीन बारीक कडी काढलेली. पाऊण तासात झाली, म्हणाले. तेवढ्यात पोरगा एक सांगाडा घेऊन आला, त्याचा सांधा बसत नव्हता. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सोफ्याचा पाय उचलला.