लोहगडवाडी : ज्येष्ठांच्या पावलांनी एक दिवस

वयाची सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला एक दिवस बाहेर न्यावे, असा विचार घरात निघाला की पहिला नकार बहुधा त्याच व्यक्तीकडून येतो. ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो,’ हे वाक्य आपणही ऐकले असेल. कारण विचारले तर गुडघे, दम, थकवा अशी उत्तरे मिळतात. दवाखान्यात निवांतपणे विचारल्यावर मात्र अनेकदा निराळेच कारण पुढे येते : वाटेत लघवीला कुठे जायचे? प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना आणि लघवी धरून ठेवणे जमत नसलेल्या स्त्रियांना ही धास्ती इतकी असते की, सहलीला निघालेच तर आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद होते. मग दुपारी चक्कर येते, पाय लटपटतात आणि ‘वयामुळे झेपत नाही’ असा शिक्का बसतो. वास्तविक न झेपलेली गोष्ट वय नसते. सहलीची आखणी असते.

स्वतंत्र वाहन आणि सोबतीला स्थानिक वाटाड्या यांचा ज्येष्ठांना होणारा खरा लाभ इथे आहे. सोय आणि ऐट दुय्यम. हवे तिथे थांबता येणे आणि हवे तेव्हा मागे फिरता येणे, हे दोन अधिकार गटासोबतच्या सहलीत मिळत नाहीत. हे अधिकार कसे वापरावेत, हे मावळातील लोहगडवाडीच्या निमित्ताने पाहू.

स्थळ का निवडावे?

लोहगडवाडी हे लोहगडाच्या पायथ्याचे गाव. लोहगड आणि विसापूर या जोडकिल्ल्यांच्या मध्ये गायमुख खिंड आहे आणि तिथून गावात पोहोचता येते. गाडी थेट गावापर्यंत जाते. म्हणजे एकही पायरी न चढता माणूस सह्याद्रीच्या कुशीत पोहोचतो. वर गडाचा कातळ, तटबंदी आणि बुरूज दिसतात. पलीकडे पवना जलाशयाचे पाणी आणि त्याच्या सोबतीला तुंग व तिकोना यांची शिखरे. समुद्रकिनारा नसला तरी पाण्याच्या काठाने वळणे घेत जाणारा रस्ता येथे आहे, आणि पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते.

गडाचा इतिहासही ज्येष्ठांशी गप्पा रंगवण्यास पुरेसा आहे. सन 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगड होता. 1670 मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. सुरतेहून आणलेली संपत्ती काही काळ येथे ठेवली गेली. पेशवाईत नाना फडणवीसांनी गडावर मोठे टाके बांधले. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चार दरवाजांतून वाट वर जाते आणि पश्चिमेकडे विंचूकाटा नावाची लांबट माची पसरलेली आहे. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत लोहगडाचा समावेश आहे.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडी वर आहे. ‘उंचावर श्वास लागेल का?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो. येथे दम लागला तर तो उंचीमुळे नाही. चढामुळे किंवा हृदय-फुप्फुसांच्या आजारामुळे आहे असे समजावे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांसाठी उत्तम. पावसाळ्यात हा परिसर अतिशय देखणा असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि शनिवार-रविवारी गर्दी व वाहनांची कोंडी इतकी होते की कुणाची प्रकृती बिघडल्यास गाडी बाहेर काढणे कठीण. शक्यतो आठवड्यातील मधला दिवस निवडा. थंडीत भल्या पहाटे निघण्याचा आग्रह नको. औषधे, न्याहारी आणि शौच घरीच आटोपून आठच्या सुमारास निघावे.

आदल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. पहिला, लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती किती वाजता घ्यावी? ही गोळी परस्पर बंद करू नये. वेळ मात्र बहुधा बदलता येते. दुसरा, दिवसभरात पाणी किती प्यावे? वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घेत राहावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे मर्यादा घालून दिली असल्यास ती पाळावी. तिसरा, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आणि जेवण यांची सांगड कशी घालावी? बाहेर जेवणाला तासभर उशीर होणे नेहमीचेच. त्या तासात साखर उतरू शकते.

वाहन ठरवताना चालकाला स्पष्ट सांगा : दर तासाला गाडी थांबवायची, थांबे स्वच्छतागृहाच्या ठिकाणी घ्यायचे आणि वळणांवर वेग कमी ठेवायचा. भाज्याकडून गायमुख खिंडीत येणारा रस्ता चढाचा व वळणांचा आहे. मळमळ होणाऱ्या व्यक्तीला पुढच्या आसनावर बसवावे. इन्सुलिन गाडीच्या काचेपाशी तापू देऊ नये. ते हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावे.

वाटाड्या शक्यतो गावातलाच निवडा आणि त्याला फोनवर तीन गोष्टी विचारा. जेवणाच्या घरी कमोड आहे का? पायऱ्यांच्या वाटेवर सावलीत बसायला जागा कुठे आहे? नेटवर्क कुठे मिळते? हे त्याला सांगता आले तर इतिहास त्याला थोडा कमी येत असला तरी चालेल. त्याला आणखी एक अट घाला : त्याने पुढे न चालता ज्येष्ठांच्या बरोबरीने चालावे. पुढे चालणाऱ्याला गाठण्यासाठी म्हातारा माणूस नकळत वेग वाढवतो.

दिवसाला एकच चढ

या परिसरात पायऱ्यांची दोन ठिकाणे आहेत : भाज्याची लेणी आणि लोहगड. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. त्यांतील चैत्यगृहाची भव्य कमान आणि एकत्र उभे असलेले चौदा स्तूप पाहण्यासारखे आहेत. पण दोन्ही चढ एकाच दिवशी नकोत. सकाळी लेणी पाहिली तर गड खालूनच पाहावा. गडाच्या पायऱ्या चढायच्या असतील तर लेणी पुढच्या वेळेसाठी ठेवावीत.

चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला भितो. गुडघ्यांना खरी इजा उताराने होते. पायरी उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो आणि तो झेलण्याचे काम मांडीचे स्नायू करतात. ते थकले की पाय मुडपतो आणि माणूस पडतो. म्हणून चढण्याची शक्ती संपेपर्यंत वर जाऊ नये. निम्मी शक्ती उतरण्यासाठी राखून ठेवावी. काठी अवश्य असावी. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय आणि त्यासोबत काठी, हा क्रम घरच्या जिन्यावर आठवडाभर आधी सवयीचा करावा. चालता चालता सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे. ते तुटू लागले तर थांबावे.

‘कुठवर जायचे?’

‘डॉक्टर, बाबांना लोहगडाला नेऊ का?’ असे मुलगी विचारते, तेव्हा बाबा बहुधा शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात. त्यांना कुणी विचारलेले नसते. असेच एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. तरुणपणी विद्यार्थ्यांना घेऊन गडावर अनेकदा गेलेले. आता दोन्ही गुडघे झिजलेले आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. मुलीचा आग्रह होता की त्यांनी गावातच बसून राहावे. त्यांना विचारले, ‘सर, तुम्हांला कुठवर जायचे आहे?’ ते म्हणाले, ‘गणेश दरवाजाच्या चौकटीला हात लावायचा आहे. पुढे काही नको.’

माणसाची इच्छा आपण गृहीत धरतो त्यापेक्षा लहान आणि नेमकी असते. आम्ही तिघांनी मिळून मर्यादा ठरवली : दर वीस पायऱ्यांना बसायचे, अकरा वाजता असू तिथून मागे फिरायचे, आणि ‘पुरे’ हा शब्द सरांनी उच्चारला की त्यावर चर्चा करायची नाही. मुलीने एक गोष्ट कबूल केली : ‘चला, आता थोडेच राहिले’ असे म्हणायचे नाही. ते दरवाजापर्यंत पोहोचले नाहीत. अलीकडच्या एका वळणावर बसून त्यांनी दरवाजा पाहिला, वाटाड्याला त्याची हकिकत सांगितली आणि स्वतःच ‘पुरे’ म्हणाले. पुढच्या भेटीत गुडघ्यांच्या तक्रारीआधी त्यांनी त्या दिवसाविषयी सांगितले.

वृद्धापकाळी माणसाच्या हातून एकेक निर्णय निघून जातो : पैशांचा, जेवणाचा, कुठे राहायचे याचा. कुठवर चालायचे आणि कुठे थांबायचे एवढा निर्णय एका दिवसापुरता त्यांच्या हाती ठेवा. मर्यादा आधी ठरलेली असेल तर परत फिरणे ही हार वाटत नाही. आणि ज्यांना एकही पायरी चढायची नाही, त्यांना गावातील अंगणात, गडाकडे तोंड करून, पाठीला टेकू असलेली खुर्ची द्या. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला तर अनोळखी जागी क्षणभरही एकटे सोडू नये.

दुपार आणि परतीची वाट

गावातील घरांतून आधी सांगितल्यास पिठले-भाकरीचे जेवण मिळते. रक्तदाब असल्यास ठेचा, पापड व लोणचे बेतानेच घ्यावे. पोटभर जेवणानंतर वृद्धांचा रक्तदाब काही वेळ उतरू शकतो. लगेच उठून चालू नये, अर्धा-पाऊण तास बसावे किंवा आडवे व्हावे. माकडे खाद्यपदार्थांच्या पिशव्या ओढतात. पिशवी गाडीतच ठेवलेली बरी. कातळांवर आग्यामाश्यांची पोळी असतात. तिथे धूर करू नये, गोंगाट करू नये.

परतताना दुधिवरे खिंडीच्या बाजूने पवना जलाशयाच्या काठी थोडे थांबा. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारे पाणी ते हेच. पाणी गाडीजवळून किंवा सपाट जागेवरून पाहावे. ओल्या उतारावर ज्येष्ठांना नेऊ नये. उन्हे कलण्याआधी निघावे, म्हणजे अंधारात घाट लागत नाही.

हे लक्षात ठेवा

घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये.

छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ किंवा अचानक दम लागल्यास व्यक्तीला आहे तिथेच बसवावे, एकही पायरी चालवू नये. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, बसलेल्या स्थितीत द्यावी. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नेटवर्क कुठे मिळते हे वाटाड्याला ठाऊक असेल.

औषधांची यादी, आजारांची नावे आणि घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून ज्येष्ठांच्या खिशात ठेवावेत. कपड्यांचा एक जादा जोड आणि शोषक पॅड पिशवीत असू द्यावेत, त्यांच्यासमोर त्याचा गाजावाजा न करता.

आणि आज संध्याकाळी, सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : कुठवर जायचे आहे? उत्तर येईपर्यंत थांबा.