जास्वंद दारात, पिठ्या बागेत



आमचा मेव्हणा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, घरही तिथंच. परवा दोघं नर्सरीत गेलो. तो म्हणाला, "दाजी, जास्वंदच घेऊ. एक मला, एक तुमच्या वस्तीवर. गणपतीला फूल होतं."

म्हटलं, आधी शेंडा बघ. पानं चुरगळून गोळा झालेली, आत पांढरा कापूस, खोडावर मुंग्यांची रांग. हा पिठ्या ढेकूण. जास्वंदावरचा गुलाबी पिठ्याच द्राक्षाच्या घडातही शिरतो, आणि आमच्या वस्तीला लागूनच द्राक्षबाग आहे.

म्हणून शेंडे सरळ, मुंगी नाही अशीच रोपं निवडली. आता पंधरा दिवस ती वेगळी ठेवायची. पिठ्या दिसला तर शेंडा कापून पिशवीत बांधायचा, बांधावर फेकायचा नाही. मुंग्याही आवरायच्या. गोड चिकट्यासाठी त्या पिठ्याला राखतात, मित्रकिडींना हाकलतात.

मेव्हण्याच्या पश्चिमेकडच्या तापणाऱ्या भिंतीला मात्र बोगनवेल सुचवली. सोलापूरचं ऊन तिला मानवतं, मुळं धरली की पाणी थोडं ताणलं तर उलट जास्त फुलते.

द्राक्षवाल्यांनो, फवारणीआधी दारातली जास्वंद एकदा उलटून बघा.