घोड्यावरचं घर

मुलांनो, चाकांवरचं घर तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. पण चार पायांवर चालणारं घर पाहिलंत? चला तर, सोमाटणे फाट्यावरून आत, मावळातल्या शिरगावाकडे!

भातकापणी झाली की मावळातल्या रिकाम्या खाचरांत धनगरांचा वाडा उतरतो. वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे हं! काही कुटुंबं, त्यांच्या मेंढ्या, कुत्री आणि घोडी, एवढाच वाडा. भांडी, घोंगड्या, पीठ, कोंबड्या, सगळं घोड्याच्या पाठीवर. दमलेली कोकरं अन् तान्ही मुलंही तिथंच!

फलटण-बारामतीकडची अशी कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर चाऱ्यासाठी घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. शिरगावजवळून २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग जातो. पण त्यावर जनावरांना बंदी. मग जुन्या रस्त्याच्या कडेनं, ट्रक चुकवत कळप हाकायचा.

तुमच्याएवढ्या एका मुलीला मी विचारलं, "शाळेत जातेस का गं?"

"धाकटा जातो. गावाकडं आजीपाशी राहतो. मी हितं कोकरं सांभाळते."

कोणतं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. पण पाटीवरचं स्वतःचं नाव मात्र तिला वाचता येत नव्हतं. आता सांगा, चालत्या घरामागं शाळेनंही चालत जायला नको का?