आधी वजन, मग किंमत
पक्ष्यांच्या फोटोंसाठी ३०० मिलिमीटर पुरत नाहीत, हे सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तकामागे फिरताना पक्कं कळलं. माझी ७०-३०० जेमतेम ४१५ ग्रॅमची, गळ्यात आहे हेसुद्धा जाणवत नाही. पण फोटोत पक्षी एवढासा. बॉडी निकॉनची, लहान सेन्सरची. तिच्यावर ५०० ची लेन्स ७५० सारखं काम देते. निवड तिघींवर आली: निकॉनची २००-५०० आणि सिग्माच्या दोन १५०-६००, एक ‘कंटेम्पररी’, दुसरी ‘स्पोर्ट्स’.

स्पोर्ट्स धूळ-पाण्याला दाद देत नाही, पण वजन २८६० ग्रॅम आणि किंमतही तिघींत सर्वांत जास्त. मी पायी हिंडणारा माणूस. ती यादीतून गेली. उरल्या २३०० ग्रॅमची निकॉन आणि १९३० ग्रॅमची कंटेम्पररी. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. दोन्ही घेतल्या आणि पहाटे भिगवणजवळचं कुंभारगाव गाठलं.

उजनीच्या पाण्यात नाव सतत डुलते, तिथे ट्रायपॉड निरुपयोगी. रोहित पक्ष्यांचा थवा कधी उडेल याचा नेम नसतो, म्हणून कॅमेरा डोळ्याला लावूनच बसायचं. सगळा भार लेन्सखालच्या डाव्या तळहातावर. थोड्याच वेळात कोपरापासून मनगटापर्यंत कळ येते, आणि मानेवर धरलेला फोकसचा ठिपका हळूहळू शेपटीकडे घसरतो. निकॉनच्या वेळी हे लवकर झालं. ३७० ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. हाताला तो तसा वाटत नाही.

निकॉनचं ॲपर्चर शेवटपर्यंत ५.६ राहतं, सिग्माचं ६.३ वर जातं. म्हणजे त्याच शटरला आयएसओ १६०० ऐवजी २०००. एवढं मला चालतं. लेन्समधली स्थिरता हाताची थरथर सावरते, पंखांची नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास शटर लागतंच. दुसरं, निकॉनची झूम रिंग २०० पासून ५०० पर्यंत एका पिळात जात नाही, मनगट बदलावं लागतं. सिग्माचं हूड धरून सरळ पुढे ओढलं तरी झूम होतं. चित्रबलाक अचानक नावेजवळ उतरला तेव्हा १५० वर तो अख्खा मावला. ६०० ला सिग्मा किंचित मऊ आहे खरी, पण ॲपर्चर ८ वर नेलं की पिसं सुटी दिसतात.

मी कंटेम्पररी घेतली. ती निकॉनपेक्षा स्वस्तही पडली. ताडोबात जिप्सीच्या कठड्यावर बीनबॅग ठेवून फोटो काढणाऱ्याला मात्र मी निकॉनच सुचवेन. तिथे भार हातावर नसतो आणि झाडीत उजेड कमी.

लेन्स घेणार असाल तर एक दिवस भाड्याने आणा, तुमच्या नेहमीच्या जागी न्या, दहा मिनिटं डोळ्याला लावून धरा आणि मगच पैसे भरा.